उघडा कंस

गुरुवार. नळाला पाणी नाही
आणि विम उघडत नाही.
आत्या आतून म्हणाली, ओट्याखाली नवी वडी आहे,
घे की.
तिला काय सांगू.
माझा विम ऐरोलीला असतो,
थंड खोलीत, सर्व्हरांच्या रांगेत चौदावा,
आणि मी धायरीत, गच्चीखालच्या खोलीत,
एक फाइल उघडायला सांगून
अकरा सेकंद काळा पडदा बघत बसते.

अकरा म्हणजे किती, ते मोजल्याशिवाय कळत नाही.
चहावरची साय बाजूला सारून होते.
खालच्या झेरॉक्सवाल्याचं शटर अर्ध्यावर येतं.
फाइल का उघडत होते, ते विसरून होतं.
असं दिवसातून साठ वेळा.

आधी खापर नेटवर फोडलं.
पिंग टाकला, तो गेला आणि आला,
धायरी फाट्याचा सिग्नल सुटेपर्यंत
हजारो खेपा करून आला असता.
मग प्लगिन काढले एकेक,
हौसेनं आणलेले, कधी न वापरलेले.
शेवटी अगदी उघडाबोडका सुरू केला.
अकरा.

ऐजाज बागवानला म्हटलं, तू बघ.
तोच सर्व्हर, तीच फाइल.
"उघडली की," म्हणाला, आणि जांभई दिली.
म्हणजे माझ्यातच काहीतरी.

तेव्हा एसट्रेस लावला.
प्रोग्रॅम कर्नलच्या कानात जे जे बोलतो
ते सगळं तो लिहून देतो, चुगलखोरासारखं.
ही फाइल दे. घे.
ती दे. नाही.
बरं, मग ती दे.
शंभरेक ओळी धबाधबा उतरल्या
आणि एकीवर अडल्या:
कनेक्ट, पुढे कंस, कंसात एक पत्ता,
आणि कंस काही बंद होईना.

पत्ता ओळखीचा निघाला.
एरंडवण्याचं जुनं ऑफिस, दुसरा मजला,
खिडकीजवळचं खांबेट्यांचं मशीन.
ते ऑफिस सोडून सहा वर्षं झाली,
तिथे आता दातांचा दवाखाना आहे.
मशीन जुन्या बाजारात गेलं, किलोच्या भावानं.
खांबेटे गुहागरला.
जाताना आपली सेटिंगची फाइल मला देऊन गेले,
"ठेव, घासूनपुसून तयार आहे,"
आणि मी ती न वाचता ठेवली,
वडीलधाऱ्यांनी हातात कोंबलेलं पाकीट
आपण न उघडता ठेवतो तशी.
तिच्यात एकोणिसावी ओळ:
माझा पडदा तिकडे आहे.

म्हणजे मी काहीही लिहायला बसले
की हा आधी एरंडवण्याला जातो,
दुसरा मजला चढतो
आणि विचारतो, काही कापून ठेवलंय का,
चिकटवायचं?

"नाही" म्हणायला कुणी असतं तर सुटला असता.
नकार पटकन येतो, मिलिसेकंदांत येतो.
पण मधल्या फायरवॉलनं प्रश्नच गिळला,
हो नाही, नाही नाही,
आणि हा जिन्यात उभा.

ओळ खोडली नाही. तिच्या आधी एक हॅश टाकला,
आता ती दिसते, ऐकू येत नाही.
पुन्हा उघडला.
इतका चटकन उघडला
की कप ओठांपर्यंत पोचलाच नव्हता,
आणि कर्सर लुकलुकत होता
मी काय लिहिणार होते त्याची वाट बघत.

रात्री खांबेट्यांना कळवलं,
तुमच्या टेबलाशी अजून कुणीतरी येऊन उभं राहायचं.
सकाळी सहाला उत्तर:
"ओळीला कशाला हात लावलास?
सुरू करतानाच वजा कॅपिटल एक्स द्यायचं.
मॅन्युअलमध्ये आहे."
आणि जरा वेळानं, खाली, दुसरा निरोप:
"खिडकीतला शेवगा आहे का गं अजून?"

दाढ तशी
दुखतेच आहे थोडी.